त्यांच्यासमोर जेवताना

आमचं घर शहापुरातलं, विणकरांच्या गल्लीतलं. पुढच्या सोप्यात दोन माग, मागे स्वयंपाकघर आणि परसात सूत रंगवायची चूल. एका मागावर हे बसायचे, म्हणजे माझे मालक, आणि दुसऱ्यावर माझे धाकटे दीर. सासूबाई आणि मी रहाटावर कांड्या भरायचो. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात घालायच्या कांडीवर सूत गुंडाळायचं काम बायकांचं, माग पुरुषांचा. मी उचगावची, शेतकऱ्याची मुलगी. लग्न होऊन आले तेव्हा मला सुताचं काही कळत नव्हतं आणि सासूबाई ते रोज एकदा बोलून दाखवायच्या. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचे दिवस होते.

नवा ताणा, म्हणजे उभं सूत, मागावर चढवायच्या आधी त्याला खळ द्यावी लागते. पहाटे गल्लीत खुंट ठोकून ताणा लांब पसरायचा आणि तांदळाची पातळ पेज कुंच्यानं सुताला चोळत या टोकाकडून त्या टोकाकडे जायचं. ऊन चढायच्या आत उरकलं पाहिजे, नाहीतर सगळं मुसळ केरात. आमच्या घरात याची एक रीत होती. पेजेत तेल मिसळायच्या आधी कुंचा धरणाऱ्यानं त्यातली थोडी प्यायची. सुताला जे पाजायचं ते आधी आपण प्यावं, असं सासरे म्हणत म्हणे. मी त्यांना पाहिलं नाही. पेज उष्टी होऊ नये म्हणून तांब्या तोंडाला लावायचा नाही, वरून धार धरून प्यायची. हे ती रीत कधी चुकवत नसत.

त्या दिवशी काठाचं सूत रंगवायचं होतं म्हणून यांनी स्वतःच पेजेशेजारच्या तांब्यात कास्टिक सोडा विरघळवून ठेवला होता. पांढरे खडे पाण्यात टाकले की चुलीवर न ठेवताही भांडं तापतं. दिसायला पेजेसारखंच गढूळ आणि हाताला पेजेसारखंच कोमट. तेवढ्यात खुंट सैल झाला म्हणून दिरांनी हाक मारली. हे गेले, खुंट ठोकून परत आले आणि अंधूक उजेडात दोन तांब्यांतला नको तो उचलला. वरून धार धरून प्यायलेलं जिभेला कळेपर्यंत गळ्याखाली गेलेलं असतं.

पुढचं मी लिहीत नाही. गल्लीतल्या कुणालाही ओरडणं ऐकू आलं नाही, कारण ओरडायला घसा राहिला नव्हता.

जीव वाचला. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. पण घसा बरा होत आला तसा तो आतून आवळत चालला. आधी भाकरी अडकायला लागली, मग भात, मग दूध. शेवटी स्वतःची थुंकी गिळता येईना. गालाची हाडं वर आली. तेव्हा टांग्यात घालून बेळगावच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथं पोटाला भोक पाडून त्यात रबराची नळी बसवली. डॉक्टरांनी मला आणि दिरांना बाहेर बोलावून सरळ सांगितलं. अंगात थोडी ताकद आली की रेशमाचा एक बारीक दोरा गिळायला देऊ. तो दोरा आवळलेल्या जागेतून पोटापर्यंत उतरला तर त्याच्या आधारानं रस्ता हळूहळू रुंद करता येईल. नाही उतरला तर नळी जन्माची. यांना परत तोंडानं जेवायला मिळणार की नाही, ते त्या दोऱ्यावर अवलंबून होतं.

नळीतून पेज कशी घालायची ते मला तिथल्या नर्सबाईंनी शिकवलं. त्या धारवाडकडच्या, त्यांचं मराठी कानडीतून चालत यायचं. "निधान, निधान," असं त्या सारख्या म्हणायच्या, म्हणजे सावकाश. "नरसाळं लई उंच धरलंस की धो धो जातंय, पोटात कळ येती. लई खाली धरलंस की परत येतंय. तुझ्या छातीएवढं धर. आणि हात हलवू नको." पेज मनगटावर टाकून बघायची, कोमट पाहिजे. आधी थोडं पाणी, मग पेज, मग परत पाणी, मग नळीला चाप. सगळं मला एकदाच सांगितलं आणि माझ्याकडून दहादा म्हणवून घेतलं.

घरी आल्यावर पहिले काही दिवस माणसांची रीघ लागली. वडगावहून आतेसासू आल्या, गल्लीतले सगळे आले. त्यांना नळी बघायची असायची. मी पेज घालायला बसले की दारात डोकी गोळा व्हायची. बघून झाल्यावर मात्र कुणी फिरकेना. मला आधी राग आला, मग कारण कळलं. आमच्याकडे संध्याकाळी माणूस दिसला की तोंडातून पहिला शब्द निघतो, "जेवलासा का?" यांना बघून लोक तो शब्द अर्ध्यावर गिळायचे आणि दुसरा सुचायचा नाही. मग आमच्या दारावरून जायचं टाळायचे. लग्नाचं, बारशाचं बोलावणं यायचं ते दिरांच्या नावानं. जेवायलाच येऊ न शकणाऱ्या माणसाला काय म्हणून बोलवायचं, हे कुणाला कळत नव्हतं.

डॉक्टरांनी पेजेत दूध, साखर आणि कच्चं अंडं फेटून घालायला सांगितलं होतं. आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा घेत नसत. मी सासूबाईंना भीत भीत विचारलं. त्यांनी रहाट थांबवला.

"जिभंला लागतंय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाय आत्ती. थेट पोटात जातंय."

"मग त्यानं खाल्लं असं कसं म्हणायचं? पोटाला काय कळतंय. घाल."

त्या दिवशी मला त्या पहिल्यांदा आवडल्या. पण पेज घालताना बघणं त्यांना जमायचं नाही. मी नरसाळं हातात घेतलं की त्या उठून मारुतीच्या देवळात जायच्या. दीर मागावरून उठायचे नाहीत, उलट हात जोरात चालवायचे. घरात एवढी माणसं असून पेज घालताना मी आणि हे दोघेच असायचो, आणि आम्हीही एकमेकांकडे बघत नव्हतो. हे वर आढ्याकडे बघायचे, मी नरसाळ्यातल्या पेजेकडे. चूल पेटायला लागतो त्याहून कमी वेळात एक जेवण उरकायचं. पोट भरायचं, पण तृप्तीची ढेकर नाही, की हात धुणं नाही. एकदा सवयीनं माझ्या तोंडातून निघून गेलं, "वाढू का थोडं?" आणि मी जीभ चावली.

"वाढ की," हे म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. "आग्रह केल्याबिगर जेवायची सवय न्हाय मला."

इस्पितळातून आल्यावर हे पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

मागावर यांना बसता येत नव्हतं. विणणाऱ्याच्या पोटाशी कापड गुंडाळायचं लाकूड येतं, ते बरोबर नळीवर दाबायचं. म्हणून हे माझ्याशेजारी बसून कांड्या भरू लागले. गल्लीतल्या बाप्यांनी बायकांचं काम म्हणून मागे कुजबूज केली. यांना ते कळलं असणार. कांड्या मात्र माझ्याहून चांगल्या भरायचे.

माझ्या जेवणाचं काय करावं ते मला समजत नव्हतं. लग्नापासून मी यांच्याच ताटात जेवत आले होते. हे जेवून उठले की त्याच ताटात वाढून घ्यायचं, सगळ्या घरांतून तसंच चालायचं. आता ताटच मांडलं जात नव्हतं. सासूबाई आणि दीर आपलं आपलं लवकर उरकून घ्यायचे. मी सगळ्यांच्या मागून स्वयंपाकघराच्या दाराआड पाठ करून बसायची आणि गार भाकरी आमटीत बुडवून घशाखाली ढकलायची. माझा घसा धड आहे याची मला लाज वाटायची. चावल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी भाकरी भिजवून खायची. मला त्या दिवसांत फार एकटं वाटलं. माहेरी जावं म्हटलं तर पेज कोण घालणार, आणि कुणाला सांगावं म्हटलं तर काय सांगणार? माझ्या घरात सगळे जिवंत होते.

यांना वास लागू नये म्हणून मी फोडणी द्यायचंही सोडलं. आमटी नुसती उकडायची, भाजी पाण्यात शिजवायची. लसूण घरात आणला नाही. दीर कुरकुरले, पण कारण कळल्यावर तसंच जेवू लागले. असं पुष्कळ दिवस चाललं. एके दिवशी दुपारी कांडी भरता भरता यांनी रहाट थांबवला.

"आपल्यात कोण मेलंय का?" यांनी विचारलं.

मी घाबरले. "असं का म्हणताय?"

"सुतकात असल्यावानी घर झालंय. फोडणीचा वास किती दिस न्हाय. माझं तोंड बंद झालंय, नाक न्हाय. मला तेवढं तरी राहू दे की."

मी उठले, तेल तापवलं, मोहरी टाकली, लसूण ठेचून टाकला. किती दिवसांनी ती चरचर घरात ऐकू आली. मागावरचे दीर थांबले. हे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसले आणि डोळे मिटून वास घेत राहिले. मी त्यांना पेज घातली. मग भांडी आवरायला लागले तर हे म्हणाले, "तू कुठं जेवतीस?"

"जेवीन की मागनं."

"हितं वाढून घे. माझ्याम्होरं बस."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नवऱ्यासमोर बसून घास घेणं म्हणजे काय ते आजच्या मुलींना सांगून कळायचं नाही. हे जेवताना मी रोज पाहिलं होतं. त्यांना भात किती लागतो, ताक कधी लागतं, सगळं मला तोंडपाठ होतं. मी जेवताना कशी दिसते हे यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. आमच्यात कुणाच्याच नवऱ्यानं पाहिलेलं नसतं. आणि वर या माणसाला एक थेंब गिळता येत नाही, त्याच्यासमोर मी भाकरी चावायची?

"मला खाता येत न्हाय," हे म्हणाले, "बघायला काय जातंय? बस."

पहिल्या दिवशी मी अर्धवट पाठ करून बसले आणि घास तोंडातच फिरत राहिला. हळूहळू कडेनं बसू लागले, मग समोर. सासूबाई देवळात असायच्या, त्यांना हे बरेच दिवस कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "जगात उलटं चाललंय," एवढं बोलून त्या परत देवळात गेल्या.

हे बघायचे आणि विचारायचे. आजची वांगी कशी आहेत, कोवळी की जून? आमटीत मीठ बरोबर आहे का? मी म्हणायची, बरी आहे. यांना ते पटायचं नाही. "बरी म्हंजे काय? आंबट हाय, गोड हाय, काय हाय ते नीट सांग." मला सांगता यायचं नाही. जन्मात माझं मत कुणी विचारलं नव्हतं. मी रांधायची, चव दुसऱ्यांनी सांगायची, आणि तीही चुकली तरच. आता मी घास तोंडात घोळवून विचार करू लागले. चिंच थोडी जास्त झालीय. वाटाण्याला कच्चट वास आहे. उचगावहून बाप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाठवलेल्या नव्या तांदळाचा भात मऊ आहे, पण त्याला जुन्याची गोडी नाही. हे मान डोलवायचे, जणू त्यांनीच खाल्लंय.

आणि माझ्याकडे बघता बघता यांना माझ्याबद्दल काय काय कळत गेलं. "तू डाव्या दाढंनंच चावतीस. उजवी दुखती का?" दुखत होती, दोन वर्षं दुखत होती. यांनी दुसऱ्याच दिवशी लवंगेचं तेल आणवलं. "तुला खर्डा लई आवडतोय, आणि तू कधी बोलली न्हाईस." "तू पहिला घास घेताना डोळं मिटतीस, ठाऊक हाय का तुला?" मला ठाऊक नव्हतं. एकदा मी नेहमीप्रमाणे दुरडीतली तळाची करपलेली भाकरी ओढून घेतली तर यांनी माझा हात धरला.

"करपल्याली का घेतीस?"

"कुणी तरी खाल्ली पायजे की."

"वरची घे. गरम हाय ती घे."

मी वरची घेतली. तव्यावरून उतरलेली, पापुद्रा सुटलेली ज्वारीची भाकरी, वर खर्डा आणि कच्चं तेल. लग्न झाल्यापासून गरम भाकरी मी पहिल्यांदा खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं ते मी खर्ड्यावर ढकललं. हे म्हणाले, "तिखट झालंय व्हय?" मी म्हटलं, व्हय. तो घास अजून आठवतो.

अंगात ताकद आल्यावर दोऱ्याचा दिवस आला. इस्पितळात दोऱ्याचं एक टोक यांच्या गालाला पट्टीनं चिकटवलं आणि दुसरं पाण्याच्या थेंबाबरोबर हळूहळू गिळायला लावलं. "जलमभर सुताला पेज पाजली," हे मला म्हणाले, "आता सूतच पोटात घालायची वेळ आली." पहिल्यांदा दोरा घशातच गोळा होऊन परत आला. त्या दिवशी घरी आल्यावर हे मला म्हणाले की आज तू आत बसून जेव. मी दाराआड बसले. मग पुन्हा नेलं, पुन्हा दोरा तसाच परत आला. मी देवीला खण-नारळ बोलले, शनिवार धरले, कुणी सांगितलं ते सगळं केलं. तिसऱ्या खेपेला नर्सबाई आतून धावत बाहेर आल्या. पोटाच्या भोकातून बारीक आकड्यानं ओढल्यावर दोऱ्याचं टोक हाती लागलं होतं. त्यांनी मला मिठी मारली. मी रडले. दीर रडले. टांगेवाल्यानं कारण न विचारताच डोळे पुसले.

त्यानंतर कित्येक महिने इस्पितळाच्या खेपा चालल्या. दोऱ्याच्या आधारानं आधी बारीक आणि मग जाड सळ्या घालून रस्ता रुंद करत गेले. त्रास फार व्हायचा, पण हे एकदाही नको म्हणाले नाहीत. आधी पाणी उतरलं, मग दूध, मग पेज, मग मऊ भात. शेवटी डॉक्टरांनी नळी काढली आणि भोक आपोआप भरून आलं.

सासूबाईंनी गव्हाची खीर केली आणि भावकीला बोलावलं. वर्षभर दारावरून न गेलेली माणसं आली आणि या खेपेला "जेवलासा का" असं मोठ्यांदा विचारू लागली. हे पंगतीत मधोमध बसले. सगळे "सावकाश, सावकाश" म्हणत होते. मी वाढत होते. यांनी खिरीचा पहिला घास घेतला आणि गिळला. मी आत जाऊन तोंडात पदर धरला. त्या घटकेला माझ्याइतकं सुखी कुणी नव्हतं, हे मी कुणाच्याही शपथेवर सांगेन.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. यांना वाढलं. भाजी-भाकरी कुस्करून, दूध घालून यांनी सावकाश खाल्ली. मी माझं ताट वाढून समोर आणून ठेवलं होतं, वर्षभर बसत होते तशी बसणार होते. यांनी हात धुतला, आपलं ताट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "जेवून घे. मागावर काम पडलंय." आणि उठून गेले. त्यात राग नव्हता, टाकणं नव्हतं. सगळे पुरुष जातात तसे हे गेले. सासूबाई देवळात न जाता घरातच होत्या, त्यांनी माझं वेगळं वाढलेलं ताट उचलून परत चुलीशी नेऊन ठेवलं. सोप्यातून धोट्याचा आवाज सुरू झाला. मी यांच्या ताटात जेवले.

पहिले काही दिवस मी वाट पाहिली. वाटलं, एखाद्या दुपारी हे उंबऱ्यात येऊन बसतील आणि विचारतील, आमटी आंबट हाय का गोड? यांना आता स्वतःच्या जिभेनं कळत होतं. मला विचारायचं कारण उरलं नव्हतं. मी एकदोनदा आपणहून सांगून पाहिलं, "आज चिंच जास्त झालीया." हे म्हणाले, "व्हय, झालीया खरी," आणि ताक मागितलं.

हे मी कुणाजवळ बोलले नाही. तुमच्या पोटाला नळी होती ते दिवस मला परत हवेत, असं कुठल्या बायकोनं कुठल्या तोंडानं म्हणायचं? ज्यासाठी मी शनिवार धरले तेच देवीनं दिलं होतं. पुढं आमचा संसार झाला, मुलं झाली, यांच्या हातच्या साड्या निपाणी-कोल्हापूरपर्यंत गेल्या. हे खूप वर्षं जगले आणि शेवटपर्यंत पोटभर जेवले. मी जेवताना कशी दिसते, हे त्यांनी परत पाहिलं नाही.